भोपाळ आणि वाक्यातला कर्ता

मराठीच्या वर्गात प्रयोग शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे एकच प्रश्न विचारत आलो आहोत: या वाक्यातली क्रिया कोण करतो? व्याकरणाच्या तासाला हा प्रश्न निरुपद्रवी वाटतो. भोपाळविषयी तोच विचारला, तर चाळीस वर्षे उलटूनही नीट उत्तर मिळत नाही.

2 डिसेंबर 1984 च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातून विषारी वायू गळला, असे आपण सारेच लिहितो. व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष आहे. प्रयोग कर्तरी, क्रियापद अकर्मक, कर्ता 'वायू'. जणू मिथिल आयसोसायनेटने स्वतःच्या मर्जीने टाकी सोडली आणि झोपलेल्या वस्त्यांची वाट धरली. प्रत्यक्षात 610 क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले, तेव्हा तिला थंड ठेवणारी यंत्रणा काही महिने आधीच बंद करण्यात आलेली होती. निसटता वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची जोडणी दुरुस्तीसाठी तोडलेली होती. वायू निष्प्रभ करणारी यंत्रणा त्या लोंढ्यापुढे कुचकामी ठरली. भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी 1982 पासून धोक्याचा इशारा देत होते. म्हणजे वायू गळण्यापूर्वी काही माणसांनी काही निर्णय घेतले होते आणि काही घेण्याचे टाळले होते. 'गळला' या क्रियापदात ती सारी माणसे अदृश्य होतात.

कंपनीला कर्तरी प्रयोग येत नव्हता असे नाही. एका असंतुष्ट कामगाराने मुद्दाम टाकीत पाणी सोडले, असा सिद्धान्त तिने मांडला आणि तो सोडला नाही. या साऱ्या इतिहासात कंपनीला सापडलेला एकमेव सजीव कर्ता म्हणजे पाळीवर काम करणारा मजूर, हे आम्हांला फार बोलके वाटते.

पुढची हकिकत 'करण्यात आले' या सरकारी क्रियापदाची आहे. 7 डिसेंबर 1984 रोजी मूळ अमेरिकी कंपनीचे अध्यक्ष वॉरन अँडरसन यांना भोपाळमध्ये अटक करण्यात आली. त्याच दिवशी 25 हजार रुपयांच्या जामिनावर सोडण्यात आले. कोणाच्या सांगण्यावरून सोडले, यावर 2010 मध्येही राजकीय वाद रंगला. अँडरसन न्यायालयापुढे पुन्हा कधीच उभे राहिले नाहीत आणि 2014 मध्ये अमेरिकेत वारले. 1985 च्या कायद्याने पीडितांच्या वतीने दावा लढवण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला. 330 कोटी डॉलरची मागणी करणाऱ्या त्या सरकारने फेब्रुवारी 1989 मध्ये 47 कोटी डॉलरवर तडजोड केली. जखमी म्हणून नोंद झालेल्या बहुसंख्यांच्या हाती सुरुवातीला प्रत्येकी 25 हजार रुपये पडले, अँडरसन यांच्या जामिनाएवढेच.

त्या तडजोडीत फौजदारी खटलेही गुंडाळले गेले होते. पीडितांच्या संघटना पुन्हा न्यायालयात गेल्या म्हणून 1991 मध्ये ते जिवंत झाले. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचा आरोप उतरवून निष्काळजीपणाचा ठेवला. जून 2010 मध्ये भारतीय उपकंपनीच्या हयात असलेल्या सात अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली आणि लगेच जामीनही मिळाला. मूळ कंपनी या खटल्यात हजरच झाली नाही. वाढीव भरपाईसाठी केंद्राने केलेली याचिका मार्च 2023 मध्ये फेटाळली गेली.

प्रचंड उद्योगातल्या एका चुकीसाठी वरच्या माणसाला कसे धरणार, असे आम्हांला विचारले जाते. प्रश्न अगदीच पोकळ नाही. पण कायदा कंपनीला व्यक्ती मानतो. ती करार करते, मालमत्ता बाळगते, नफा वाटते. भारतीय उपकंपनीचे निम्म्याहून अधिक भाग मूळ कंपनीच्या हाती होते. नफ्याच्या वेळी ही साखळी कोणाला गुंतागुंतीची वाटत नाही, मग मृत्यूंच्या वेळीच ती का वाटावी?

2001 मध्ये डाऊ केमिकलने युनियन कार्बाइड विकत घेतली, आणि 1984 मध्ये आम्ही मालक नव्हतो, असे नवे उत्तर तयार झाले. हे उत्तर महाराष्ट्रातल्या काही साध्या माणसांना पटले नाही. चाकणजवळ शिंदे-वासुली परिसरात डाऊ संशोधन केंद्र उभारू पाहत होती, तेव्हा 2008 मध्ये गावकऱ्यांनी आणि वारकऱ्यांनी त्याला कडवा विरोध केला. केंद्र तेथे झाले नाही. देणी न फेडता घर घेतले तर ती देणी संपत नाहीत, हा व्यवहार त्यांना ठाऊक होता.

कायद्यालाही तो अगदीच ठाऊक नाही असे नाही. दिल्लीतील ओलियम वायुगळतीच्या प्रकरणात डिसेंबर 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की धोकादायक उद्योग चालवणाऱ्यावर होणाऱ्या हानीची जबाबदारी निरपवाद असते. 1987 मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कंपनीच्या बाबतीत संचालकांपैकीच एकाला 'भोगवटादार' मानण्याची तरतूद आली. म्हणजे कर्त्यासाठी शब्द होता, फक्त तो वाक्यात घालायचे धैर्य दिसले नाही.

डोंबिवलीत मे 2016 मध्ये रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, मे 2024 मध्ये पुन्हा झाला. दोन्ही वेळा माणसे मेली, आणि मराठी मथळ्यांत स्फोट 'झाला', आग 'लागली', बळी 'गेले'. आम्ही कोणाला न्यायालयाआधीच दोषी ठरवा म्हणत नाही. पण यंत्रणा बंद होती असे लिहिताना ती कोणी बंद ठेवली, तपासणी झाली नाही असे लिहिताना ती कोणी करायची होती, एवढे विचारणे भाषेत काम करणाऱ्यांच्या हाती निश्चित आहे. न्याय त्याने मिळेलच असे नाही. मात्र ज्या समाजाला कर्ता विचारण्याची सवयच उरली नाही, त्याच्या न्यायालयांकडून तरी आपण कोणत्या उत्तराची अपेक्षा करावी?