यादीत नसलेलं पेव

मंडळी, आज जरा वेगळा विषय. ‘एंटिटी रिपोर्ट’ हा प्रकार सध्या संकेतस्थळं चालवणाऱ्यांच्या तोंडी फार आहे. माझा भाचा हळदीच्या व्यवसायात आहे. त्याच्या संकेतस्थळासाठी एका सल्लागाराने असा रिपोर्ट काढून दिला, आणि मराठीची मास्तरीण म्हणून तो माझ्यापुढे आला. वाचला. थोडा आवडला, थोडा रागही आला. दोन्हीची कारणं सांगते.

एंटिटी म्हणजे शब्द नव्हे, शब्दामागची वस्तू. ‘विश्रामबाग’ हा शब्द घ्या. पुणेकराला दुसऱ्या बाजीरावाचा वाडा आठवेल, आम्हाला आमचं सांगलीचं विश्रामबाग. शब्द एक, वस्तू दोन. पूर्वी शोधयंत्रं मुख्यतः शब्दाला शब्द जुळवत. २०१२ मध्ये गूगलने ‘नॉलेज ग्राफ’ आणला, म्हणजे व्यक्ती, स्थळं, संस्था यांच्या नोंदी एकमेकींना जोडलेला एक प्रचंड कोशच. आता आजूबाजूला पेशवे, वाडा असे शब्द असले तर यंत्र पुण्याला जातं. विलिंग्डन कॉलेज, मिरज असे असले तर इकडे येतं. आपण वर्गात ‘कर’ म्हणजे हात की सरकारचा कर, हे संदर्भावरून ओळखायला शिकवायचो, तेच हे.

रिपोर्ट काढणारी आज्ञावली आपलं पान वाचून अशा नोंदी वेचते आणि प्रत्येकीला पानात किती महत्त्व आहे ते ठरवून शून्य ते एकच्या दरम्यान गुण देते. मग त्याच विषयावर शोधात वर येणारी दहा-वीस पानं वाचते आणि तक्ता मांडते : त्यांच्याकडे आहे आणि तुमच्याकडे नाही, दोघांकडे आहे, फक्त तुमच्याकडे आहे. पहिला रकाना भरून काढा की पान ‘परिपूर्ण’ झालं, असा हिशेब.

पहिला रकाना उपयोगी आहे, हे मोकळेपणाने सांगते. भाच्याच्या पानावर हळदीचं वर्णन भरपूर होतं, पण करक्युमिनचं नावही नव्हतं. घाऊक गिऱ्हाईक ते प्रमाण विचारतंच. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही राहिलं होतं. घरचं माणूस घरातलं सांगायला विसरतं; अशा वेळी तिऱ्हाइताने बोट दाखवलं तर बरंच.

मराठी पानाच्या रिपोर्टची मात्र गंमत झाली होती. सांगली, सांगलीत, सांगलीहून या तीन निराळ्या वस्तू! इंग्रजीत विशेषनामाला पहिलं अक्षर मोठं असतं आणि बहुधा नाम आहे तसं राहतं. आपल्याकडे मोठं अक्षर नाही, शिवाय विभक्ती लागली की नामाचं सामान्यरूप होतं. हळद म्हणता म्हणता ती हळदीला, हळदीतून होते. आणि वसंत हा ऋतू की आमच्या वसंतदादांच्या नावातला, हेही यंत्रानेच ठरवायचं. मराठीचे रिपोर्ट हाती घेताना एवढं ध्यानात ठेवा.

पण माझी खरी तक्रार व्याकरणाचीच, जरा निराळी. या तक्त्यात नामं असतात, क्रियापद नसतं. पहिल्या रकान्यात ‘कर्करोग’ होता. सल्लागार म्हणतो, घाला. ‘हळदीने कर्करोग बरा होतो’ आणि ‘हळदीने कर्करोग बरा होतो हे सिद्ध झालेलं नाही’ या दोन्ही वाक्यांत नामं तीच. रिपोर्टच्या हिशेबी दोन्हींनी रकाना सारखाच भरतो. वाचणाऱ्याच्या घरी कोणी आजारी असेल तर? भाचा म्हणाला, “मावशी, सगळेच लिहितात.” मी म्हटलं, मग तू नको लिहूस. शब्द गाळला.

आता तिसरा रकाना, फक्त तुमच्याकडे आहे तो. त्यात होतं हरिपूर आणि त्यात होतं पेव. शेरा असा, की स्पर्धकांपैकी कोणीच याचा उल्लेख करत नाही, विषयांतर आहे, परिच्छेद काढावा.

आता काय म्हणावं! कृष्णा-वारणेच्या संगमावरचं आमचं हरिपूर, आणि तिथली ती जमिनीखालची पेवं. बरणीसारखा अरुंद तोंडाचा खोल खड्डा, त्यात वाळलेली हळकुंडं भरायची आणि तोंड मातीने बंद करायचं. आत हवा खेळत नाही, म्हणून कीड जगत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. त्याच कारणाने तोंड उघडल्यावर माणूस लगेच आत उतरत नसे, गुदमरायची भीती. सांगलीचा हळदीचा बाजार मोठा झाला त्यात या कोठारांचा वाटा आहे. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं, मोठा माल गेला आणि व्यापारी गोदामांकडे, शीतगृहांकडे वळले. पुढे २०१९ चा पूर आला. एखादी रीत मोडते ती अशी. वर्तमानपत्रातलं पेव उरलं ते ‘क्लासेसचं पेव फुटलं’ एवढंच. ते वाचणाऱ्या पोराला फुटतं ते काय, हेही ठाऊक नसतं.

तर रिपोर्टला हे विषयांतर वाटलं, कारण त्याची कसोटीच मुळी इतरांनी काय लिहिलं ही आहे. केतकरांचा ज्ञानकोश घ्या नाहीतर आपल्या वाईचा विश्वकोश, नोंदींची यादी तिथेही लागते. पण ती विषय जाणणारी माणसं ठरवतात, आणि एखादी गोष्ट आजवर कोणीच लिहिली नाही हे त्यांना नोंद घालायचं कारण वाटू शकतं. इथे यादी ठरते ती वर आलेल्या दहा पानांवरून. ती दहा पानंही एकमेकांकडे बघून लिहिलेली! सगळ्यांनी सगळ्यांचे रिकामे रकाने भरायचे ठरवलं तर शेवटी एकच पान दहा ठिकाणी वाचायला मिळेल. परीक्षेत पुढच्या बाकावरचं बघून लिहिणारी मुलं आठवतात, उत्तरं सारखी आणि चुकाही सारख्या.

लिहून ठेवणं ही चैन नव्हे, हे हळदीनेच एकदा शिकवलंय. १९९५ मध्ये जखम भरण्यासाठी हळदीच्या वापराचं पेटंट अमेरिकेत दिलं गेलं. आपल्या सीएसआयआरने, डॉ. माशेलकरांच्या काळात, ते लढवलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. कशाच्या जोरावर? छापील पुराव्याच्या. परदेशातलं ज्ञान छापलेलं असेल तरच तिथला तेव्हाचा कायदा ते जमेस धरी. आज्यांनी शतकानुशतकं जखमेवर हळद दाबली, हे नुसतं सांगून भागलं नसतं. जुने ग्रंथ आणि छापील शोधनिबंध होते म्हणून निभावलं.

म्हणून माझं मत असं, की हा रिपोर्ट घ्यावा, पण उलटा वाचावा. आधी तिसरा रकाना बघावा. तिथे पाल्हाळ असेल तर खुशाल कापावं (भाच्याच्या पानावर कुलदैवताचा अर्धा परिच्छेद होता, तो मीच कापला). पण तिथे पेव असेल तर ते दोन ओळींवरून दहा ओळींवर न्यावं. मग पहिल्या रकान्यातलं जेवढं खरं आणि कामाचं, तेवढं घ्यावं. गुण कमी पडले तर पडोत. भाच्याला हे सगळं पटलेलं नाही, धंदा त्याला करायचाय. तरी परिच्छेद राहिलाय, आणि त्याला ‘हरिपूरची पेवं’ असा मथळाही दिलाय.

तो वाढवायचं काम आता माझ्याकडे आहे. पेवाच्या तोंडाला, आतल्या थरांना, त्यात उतरणाऱ्या माणसाला काय म्हणत, हे शब्द हवेत. हरिपूरकडचं तुमच्या घरात कोणी जुनं माणूस असेल तर त्यांना विचारून कळवा. फोटो असला तर फारच छान.