टँगोगीते आणि ‘स्मरणरंजना’चा शिक्का

‘नॉस्टॅल्जिया’साठी मराठीत रूढ झालेला ‘स्मरणरंजन’ हा प्रतिशब्द सोयीचा आहे, निर्दोष नाही. गतकाळ आठवायचा तो मन रिझवण्यासाठीच, हे त्यात आधीच गृहीत धरलेले आहे. अर्जेंटिनातील अभिजात टँगोगीतांवर हा शिक्का मारला की त्यांतील सारा वियोग हळव्या माणसांची सायंकालीन करमणूक ठरतो आणि समीक्षकाचे काम हलके होते. या हलकेपणाला माझा विरोध आहे.

‘बोल्बेर’ (१९३५) हे गीत पाहावे. शब्द आल्फ्रेदो ले पेरा यांचे, संगीत आणि गायन कार्लोस गार्देल यांचे. त्याच वर्षी २४ जूनला मेदेयीन येथील विमान-अपघातात दोघेही गेले आणि गीताभोवती मृत्यूचे एक वलय निर्माण झाले. ते वलय बाजूला सारून शब्द वाचले तर काय दिसते? परतणाऱ्याला दुरून शहराचे दिवे दिसतात. पण तो सुखावत नाही, भितो. आपला भूतकाळ आपल्याला गाठणार, याचे ते भय आहे. मध्ये गेलेली वर्षे म्हणजे काहीच नव्हे, असे तो स्वतःला बजावतो आणि कानशिलांवरचे पांढरे केस त्याला खोटे पाडतात. यात रंजन कोठे आहे?

ओमेरो मान्सी आणि आनीबाल त्रोइलो यांचे ‘सूर’ (१९४८) याहून पुढे जाते. स्पॅनिशमध्ये ‘सूर’ म्हणजे दक्षिण. येथे ब्युनोस आयर्सचा दक्षिण भाग. सान हुआन आणि बोएदो या रस्त्यांचा चौक, पोम्पेया, लोहाराचा कोपरा, चिखल आणि पुराचे पाणी असा सबंध नकाशाच या गीतात आहे. तो काढणारा कवी राजकारणापासून अलिप्त नव्हता. ब्रिटिश आर्थिक वर्चस्वाला विरोध करणाऱ्या ‘फोर्हा’ या गटाच्या १९३५ मधील संस्थापकांत मान्सी होते. गेलेली प्रेयसी आणि पालटलेली वस्ती यांचा शोक ते एकाच श्वासात करतात. शिवाय त्या काळचे स्वप्नही मेले, हे मान्य करतात. ‘ते दिवस परत द्या’ अशी याचना तेथे नाही.

या शोकामागचा इतिहासही ध्यानात घ्यावा. १९१४ च्या जनगणनेनुसार ब्युनोस आयर्समधील जवळजवळ निम्मे रहिवासी परदेशात जन्मलेले होते. १९३० मध्ये लष्कराने निर्वाचित अध्यक्ष इरिगोयेन यांना पदच्युत केले. जागतिक मंदी होतीच. त्याच वर्षीच्या एन्रिके सान्तोस दिसेपोलो यांच्या ‘यिरा, यिरा’मध्ये सोनेरी भूतकाळ औषधालाही सापडत नाही, आहे ती जगाच्या निष्ठुरतेची कडवट जाणीव. पुढे १९४३ नंतर लष्करी राजवटीने नभोवाणीवरील गीतांतून लुन्फार्दो ही रस्त्यावरची बोली हद्दपार केली. निमित्त भाषाशुद्धीचे होते. परिणाम असा, की वस्तीतल्या माणसाला आपले दुःख आपल्या बोलीत मांडता येईना.

आता खरा आक्षेप. तो आठवणींच्या अतिरेकाचा नाही, एकांगीपणाचा आहे. पास्क्वाल कोन्तुर्सी यांचे शब्द असलेले आणि गार्देल यांनी १९१७ मध्ये ध्वनिमुद्रित केलेले ‘मी नोचे त्रिस्ते’ घ्या. सोडून गेलेल्या स्त्रीसाठी खोलीतल्या वस्तूदेखील उदास होतात. ती का गेली, हे मात्र तिच्या तोंडून कळत नाही. सेलेदोनियो फ्लोरेस यांच्या ‘मानो आ मानो’मध्ये (१९२३) गरिबीतून श्रीमंतांच्या वर्तुळात गेलेल्या स्त्रीला पुरुष सांगतो, की आपला हिशेब आता चुकता झाला, आणि सांगता सांगता तिच्या उतरत्या काळाचे भाकीतही करून ठेवतो. दारिद्र्य दोघांचे होते; गाऱ्हाणे तेवढे त्याचे नोंदले गेले.

‘स्मरणरंजन’ म्हणून मोकळे होणारा वाचक या आक्षेपापर्यंत पोहोचतच नाही. रंजनाला कोण जाब विचारणार? ही गीते म्हणजे हानीची साक्ष आहे, असे मानले तरच साक्षीदाराने काय सांगितले आणि काय दडवले, हे विचारता येते. ते विचारणे हेच समीक्षेचे काम आहे.