शेळीच्या दुधाचा उतारा कोण मोजणार?



शेळीला 'गरिबाची गाय' म्हणण्याची सरकारी पुस्तकांना मोठी हौस. मग या गाईचे दूध संकलन केंद्रावर का चालत नाही, हे मात्र कोणी सांगत नाही. सोमेश्वरनगरच्या काट्यावर ऊस घातलेल्या प्रत्येकाला उतारा समजतो. त्याच्या ०.१ टक्क्याने उसाचा भाव हलतो. त्यासाठी नीरेपलीकडे पाडेगावला १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे. बेणे बदलले की उतारा बदलतो, हे आमच्या शाळा न पाहिलेल्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक. पण हा न्याय कालव्याखालचा. मोरगाव-सुप्याच्या जिरायतीत, जिथे शेळीवर मीठमिरची चालते, तिथे बेण्याचे नाव कोणी काढत नाही.

दुधालाही उतारा असतो. दूध फाडल्यावर पनीर होते ते मुख्यतः केसीन या प्रथिनाचे. शेळीच्या केसीनचा एक प्रकार अल्फा-एस-१. तो दुधात किती उतरावा हे एक जनुक ठरवते, आणि त्या जनुकाचे नमुने अनेक. जोरकस नमुना लिटरमागे साडेतीन ग्रॅमच्या आसपास देतो, कमजोर नमुना अर्धा-पाऊण ग्रॅम, एक तर चक्क शून्य. आईकडून एक, बापाकडून एक अशी दोन जनुके. म्हणजे दोन शेळ्या एकाच माळावर चरल्या, एकाच बाभळीच्या शेंगा खाल्ल्या, तरी एकीच्या लिटरभर दुधात हे केसीन सात ग्रॅम आणि दुसरीच्या जेमतेम एक! पेंड वाढवून हे अंतर तुटत नाही. बोकड बदलला तर पुढच्या पिढीत तुटते.

फ्रान्समध्ये हे १९८० च्या दशकात उलगडले. तिथल्या सानेन आणि अल्पाइन शेळ्यांत कमजोर नमुनेच फार निघाले. चीज हा त्यांचा धंदा, तेव्हा त्यांनी बोकड तपासून निवडायला सुरुवात केली. आपल्या देशी जातींच्या अभ्यासात जोरकस नमुने मोठ्या प्रमाणात आढळले. आणि आम्हाला सल्ला काय? देशी शेळीला दूध कमी, परदेशी बोकड लावा! सानेन मापाने जास्त दूध देते, हे आम्ही नाकारत नाही. पण न तपासलेला बोकड आणून घरचे घट्ट दूध पातळ करायचे, याला सुधारणा म्हणायचे काय?

बोकड दूध देत नाही. त्याचा उतारा रक्ताच्या थेंबातच दिसतो. हे काही विलायतेतच जमते असे नाही. फलटणच्या निंबकर संस्थेने बंगालच्या गारोळ मेंढीचे जुळ्यांचे जनुक दख्खनी मेंढीत आणले, ते नर तपासूनच. संगमनेरी शेळीचे काम राहुरीच्या विद्यापीठाकडे आहे. तिथल्या बोकडांच्या दाखल्यावर एक ओळ केसीनची का नसावी?

भावाचेही तेच. ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ हे गाईचे माप. एसएनएफच्या पोत्यात दुधातली साखर, क्षार, प्रथिने सगळेच कोंबलेले. केसीन वेगळे कोणी मोजत नाही. ज्याने पनीर होते त्याचेच दाम नाहीत.

जिल्हा बैठकीत आमचे मागणे दोन. शेळीचे दूध संकलनात घ्या आणि प्रथिनावर भाव द्या. पैदाशीसाठी बोकड वाटाल तर केसीनच्या दाखल्यासह वाटा. दाखल्याविना परदेशी बोकड फुकट दिला, तरी आम्ही तो कळपात सोडणार नाही.