गाजरगवताचा सप्ताह

गाजरगवत अमेरिकेच्या गव्हातून आले, हे पालुपद आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पीएल ४८० चा करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. पुण्यास हे झाड १९५५ सालीच नजरेस आले होते. त्यापूर्वीही अमेरिकेचा गहू येतच होता, तेव्हा आरोप अगदीच निराधार नव्हे. पण आरोपी सापडला की आपण सुटलो, या समजुतीवर आमचा आक्षेप आहे.

बेळगावच्या आसपासची गायराने पाहावीत. पवना आणि मारवेल जेथे वाढावे, तेथे हे पांढऱ्या फुलांचे तण माजले आहे. गुरे सहसा त्याला तोंड लावीत नाहीत. हाताळणाऱ्याच्या अंगाला खाज सुटते. ज्याच्या दारी एकच म्हैस, त्याने वैरण विकत आणावी! कर्नाटक सरकारने १९७५ साली, १९६८ च्या शेती-कीड व रोगविषयक कायद्याखाली, त्याला उपद्रवी ठरविले. जमीन ज्याच्या ताब्यात त्याने ते काढावे, असा त्या कायद्याचा रोख. वीस वर्षांच्या वकिलीत त्याखाली एकही फिर्याद आमच्या पाहण्यात नाही. गायरान कोणाच्या ताब्यात, असे विचारताच सरपंच तलाठ्याकडे बोट दाखवितो आणि तलाठी आभाळाकडे.

मग उरतो तो जागृती-सप्ताह. तो देशभर १६ ते २२ ऑगस्टला पाळतात. आमच्याकडे पाऊस जूनात लागतो, आणि उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात हे झाड फुलावर येते. म्हणजे शाळेच्या मुलांना रांगेने उभे करून आपण जे उपटवितो, त्यातले कितीतरी बी धरून बसलेले असते. एका झाडाचे बी हजारांनी मोजावे लागते, आणि ते मातीत वर्षानुवर्षे टिकते. याला जागृती म्हणावे की पेरणी?

जूनअखेर, माती ओली आणि झाड वीतभर असताना, हाताला फडके गुंडाळून ते मुळासकट उपटावे. पंधरवड्याने पुन्हा फिरावे. रस्त्याच्या कडेला पावसाआधी टाकळ्याचे बी फेकावे. तो गाजरगवताला दाबून टाकतो. (गायरानात मात्र नको, कारण गुरे टाकळाही खात नाहीत.) कोंकणी घरांत तायकिळ्याची भाजी खाणाऱ्यांना त्याची ओळख आम्ही काय करून द्यावी?

२००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक पंचायतीत जैवविविधता समिती असावयास हवी. आपल्या गावची समिती कोठे आहे, हे पावसाआधीच्या ग्रामसभेत विचारावे, आणि मिळेल ते उत्तर इतिवृत्तात लिहवून घ्यावे.