रद्दीत घालण्याआधी

भगिनींनो, या आठवड्याचं पत्र एका आईचं आहे. नाव-गाव छापू नये अशी विनंती आहे, म्हणून ते देत नाही. पण पत्र वाचून पुष्कळजणींना ही आपल्याच घरातली गोष्ट वाटेल. त्या लिहितात :

'ताई, स. न. वि. वि. माझी मुलगी यंदा दहावीत आहे. अभ्यासात बरी आहे. पण दोन वर्षं झाली, तिला जपानी चित्रकथांचं वेड लागलंय. पुस्तकं अशी विचित्र, की शेवटच्या पानापासून सुरू होतात! मालिकाही जपानी, कार्टूनच्याच. नुसतं पाहून भागत नाही. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी तासन् तास त्यावर वाद घालतात. मग ही वहीत त्याचं परीक्षण लिहिते, दहापैकी गुणसुद्धा देते! ह्यांचं म्हणणं, घोड्याएवढी झाली तरी कार्टून बघते, सगळी पुस्तकं रद्दीत घालतो. मुलीनं चार दिवस अबोला धरलाय. मी कोणाची बाजू घेऊ?'

बाई, तूर्त कोणाचीच बाजू घेऊ नका. आधी एक पुस्तक हातात घ्या. तुमच्या घरात त्या पुस्तकांबद्दल दोन मतं आहेत, पण वाचून बनवलेलं मत एकाच व्यक्तीचं आहे, आणि ती व्यक्ती दहावीत आहे!

आता 'कार्टून' या शब्दाबद्दल. जपानात छापील चित्रकथेला म्हणतात मांगा आणि पडद्यावर हलणाऱ्या चित्रांना म्हणतात ॲनिमे. जपानी मजकूर उजवीकडून डावीकडे जातो, म्हणून पुस्तक आपल्याला उलटं वाटतं. छपाईची चूक नाही, बरं का! आणि हे सगळं तुम्हाला वाटतं तितकं परकं नाही. नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली लागायचा आणि आंघोळी तशाच राहायच्या, आठवतं ना? ती १९८९ सालची जपानी ॲनिमे मालिका होती. तेव्हा वेडाची सुरुवात कदाचित तुमच्यापासूनच झाली असेल.

आपल्याकडे चित्रं म्हणजे पोरांसाठी, असा समज आहे. जपानात तसं नाही. तिथं ही माध्यमं सर्वांची आहेत, गृहिणींचीसुद्धा. माचिको हासेगावा या बाईंनी १९४६ साली एका वर्तमानपत्रात 'साझाए-सान' ही चित्रमालिका सुरू केली. नायिका एक धांदरट, मनमोकळी गृहिणी. आई-वडील, नवरा, मूल, धाकटी भावंडं असं भरलेलं घर, आणि रोजच्या रोज काही ना काही गोंधळ. तिच्यावरची ॲनिमे मालिका १९६९ च्या ऑक्टोबरात सुरू झाली आणि अजून चालू आहे. जगातली सर्वांत दीर्घकाळ चाललेली ॲनिमेशन मालिका म्हणून तिची नोंद झाली आहे.

दुसरी गोष्ट, तुमच्या मुलीच्या वहीची. परीक्षण लिहिणं, गुण देणं, वाद घालणं हे तिचं एकटीचं खूळ नाही. त्याला चांगला अर्धशतकाचा इतिहास आहे आणि त्यात शाळकरी मुलींचा वाटा फार मोठा आहे. रियोको इकेदा या लेखिकेनं पंचविशीही गाठली नव्हती, तेव्हा १९७२ साली मुलींच्या एका साप्ताहिकात 'व्हर्सायचा गुलाब' ही कथा सुरू केली. विषय फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत. पण मुलासारखी वाढवलेली आणि राजवाड्याच्या पहारा-पथकाची प्रमुख झालेली ऑस्कर नावाची एक स्त्री त्यात होती. वाचक मुलींना ती इतकी भावली, की दुय्यम म्हणून योजलेलं हे पात्र पुढं कथेच्या मध्यभागी येऊन बसलं. साप्ताहिकाच्या वाचकांचं मत कुठवर पोहोचतं, बघा!

मुलांच्या साप्ताहिकांतही तेच. 'शोनेन जंप' हे १९६८ साली सुरू झालेलं पाक्षिक लवकरच साप्ताहिक झालं. त्यातलं पोस्टकार्ड भरून वाचक आवडत्या तीन कथा कळवत. ज्या कथेला मतं कमी, ती काही महिन्यांत गुंडाळली जाई.

आणि आता सर्वांत महत्त्वाचं. टोकियोत मांगांवर परीक्षणं लिहिणारं चाहत्यांचं एक मंडळ होतं. नाव 'मेइक्यू', म्हणजे भुलभुलैया. १९७५ साली एका मोठ्या संमेलनावर टीका केली म्हणून एका चाहत्याला तिथं प्रवेश नाकारला गेला. तेव्हा या मंडळींनी ठरवलं, आपणच आपला मेळावा भरवू. २१ डिसेंबर १९७५ ला एका सभागृहात तो भरला. बत्तीस गट आले, सातशेच्या आसपास माणसं जमली, आणि त्यांतल्या बहुसंख्य शाळा-कॉलेजातल्या मुली होत्या. स्वतः छापलेल्या वह्या-पुस्तिका घेऊन! त्याच मेळाव्याला आज 'कॉमिकेट' म्हणतात. २०१९ साली चार दिवसांत सात लाखांहून जास्त लोकांनी हजेरी लावली. तुमची लेक वहीत लिहिते आहे, ती याच घराण्यातली.

आपल्याकडच्या चाहत्यांचंही वजन थोडं नाही. 'वेदरिंग विथ यू' हा चित्रपट भारतात दाखवावा म्हणून इथल्या चाहत्यांनी सह्यांची मोहीम काढली. पन्नास हजारांवर सह्या झाल्या आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तो आपल्या चित्रपटगृहांत लागला.

बरं, ही मुलं एवढा वाद कशावर घालतात? एक उदाहरण सांगते. 'फुलमेटल अल्केमिस्ट' नावाची कथा आहे. लेखिका हिरोमु आराकावा, होक्काइदोतल्या दूधदुभत्याचा व्यवसाय असलेल्या शेतकरी घरातली. दोन लहान भावांची आई आजारानं जाते. ती परत यावी म्हणून ते निषिद्ध किमया करून पाहतात. आई तर येत नाहीच, पण थोरल्याचा पाय जातो आणि धाकट्याचं सगळं शरीर. भावाचा जीव एका चिलखतात बांधून ठेवण्यासाठी थोरला आपला हातही देतो. काही मिळवायचं तर तेवढंच मोल द्यावं लागतं, हा त्या जगाचा नियम. मग आईच्या जिवाचं मोल काय? मांडून सोडवण्यासारखं हे गणित आहे का? पंधरा वर्षांची मुलं यावर वाद घालत असतील, तर ते कार्टून बघतात असं म्हणून कसं भागेल?

वादाचा दुसरा मुद्दा आपल्या ओळखीचा आहे : पुस्तक चांगलं की सिनेमा? ही कथा २००१ ते २०१० अशी मासिकात चालली. पहिली मालिका २००३ साली आली तेव्हा मूळ कथा अपुरी होती, म्हणून मालिकेनं पुढं स्वतःची वाट धरली. २००९ ची दुसरी मालिका मूळ कथेबरोबर चालली. दोन्ही बाजूंचे चाहते अजून भांडतात. तसाच 'फिलर'चा वाद. छापील कथा मागे राहिली, की मालिकावाले मध्येच स्वतःचे भाग घालतात. पाहुणे वाढले की आपण आमटीत पाणी घालतो, तसंच! कुठल्या भागात नुसतं पाणी आहे, हे चाहते एकमेकांना सांगून ठेवतात.

त्यांचे रीतिरिवाजही शिकण्यासारखे आहेत. शेवट न पाहिलेल्यापुढं शेवट फोडायचा नाही. तीन भाग पाहिल्याशिवाय मालिकेला नावं ठेवायची नाहीत. आवडलं नाही तर का नाही, ते सांगायचं. पळतात काही नियम मोडून, होतात कडाक्याची भांडणं. पण रीत आहे ती ही. आपल्या घरातल्या भांडणांना यातला शेवटचा नियम लावून पाहा.

आता तुमच्या बाजूनंही बोलते, कारण काळजी अगदीच अनाठायी नाही. जपानात मांगा कोणासाठी आहे, हे बऱ्याच अंशी ती कुठल्या मासिकात आली त्यावरून ठरतं. शोनेन म्हणजे मुलग्यांसाठी, शोजो मुलींसाठी, सेइनेन मोठ्या पुरुषांसाठी आणि जोसेइ मोठ्या बायकांसाठी. मुलीला विचारा, 'हे कुठल्या खणातलं गं?' तिला ठाऊक असतं. पण नुसत्या खणावर विसंबू नका. 'अटॅक ऑन टायटन' ही शोनेन मासिकातलीच कथा, तरी त्यात माणसं खाणारे राक्षस आहेत, रक्तपात आहे. पुस्तकाच्या मलपृष्ठावर किंवा मालिकेच्या सुरुवातीला वय दिलं असेल तर ते वाचा, आणि शंका आली तर पहिला भाग तिच्याशेजारी बसून पाहा. केवळ प्रौढांसाठी असलेलं घरात नको, हे सरळ शब्दांत सांगा. मुलींना सरळ सांगितलेलं कळतं.

खर्चाचंही बघू. 'फुलमेटल'चे सत्तावीस खंड आहेत. 'वन पीस' १९९७ पासून चालू आहे, तिचा शंभरावा खंडच २०२१ साली आला! समजा एका खंडाला चारशे रुपये पडले, तर सत्तावीस खंडांचे झाले दहा हजार आठशे. एवढे पैसे कुठल्याच छंदावर एकटीनं घालायचे नसतात. त्यांना पुस्तकांची भिशी करू द्या. तीन मैत्रिणींनी नऊ-नऊ खंड घ्यायचे आणि आळीपाळीनं वाचायचे. कोणाकडं काय गेलं त्याची वही ठेवायची. हिशेबाची सवयही लागेल.

वेळेचं म्हणाल, तर दहावीचं वर्ष आहे हे तिलाही मान्य असणार. एक भाग साधारण चोवीस मिनिटांचा असतो. शाळेच्या दिवसांत रात्री जेवणानंतर एकच भाग. दिवा मालवायची वेळ ठरलेली. परीक्षण आणि वादविवाद रविवारी. हे तुम्ही फर्मावू नका, तिलाच कागदावर लिहायला सांगा आणि खाली ह्यांची सही घ्या. आणखी एक, यात सूट नाही : चर्चेत अनोळखी माणसं येतात, तेव्हा आपलं पूर्ण नाव, शाळा, पत्ता, फोटो कुणाला द्यायचा नाही आणि एकटीनं कुणाला भेटायला जायचं नाही. याबद्दल तिनं तोंड वाकडं केलं तरी चालेल.

राहिली रद्दीची गोष्ट. बाई, ती पुस्तकं रद्दीत जाऊ देऊ नका. किलोमागं चार पैसे येतील, पण 'मला जे मोलाचं वाटतं ते न बघता फेकलं' हे ती पुढं कितीतरी वर्षं विसरणार नाही. आज ती आपलं मत वहीत लिहिते आणि वही घरात ठेवते. उद्या तीच वही मैत्रिणीच्या घरी ठेवायला लागेल. मग तुम्हाला काही विचारायचं झालं तरी कशावरून विचाराल?

तेव्हा असं करा. वही गुपचूप उघडू नका. तिला म्हणा, 'तू सर्वांत जास्त गुण कशाला दिलेस, ते मला वाचून दाखव.' आणि येत्या रविवारी तिघांनी मिळून 'माय नेबर तोतोरो' पाहा. १९८८ चा हायाओ मियाझाकींचा चित्रपट आहे. आई इस्पितळात असताना खेड्यात राहायला आलेल्या दोन लहान बहिणींची गोष्ट. मारामारी नाही, खलनायकही नाही. त्याच दिवशी आणि त्याच्याच जोडीनं जपानात 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' लागला होता. तो युद्धात पोरक्या झालेल्या भावा-बहिणीचा आहे. चांगला आहे, पण मन घट्ट करून पाहण्याचा. तो नंतर कधीतरी.

पाहून झाल्यावर ह्यांनाही दहापैकी गुण द्यायला सांगा, आणि का दिले तेही. चारच दिले तर चार. मुलीला राग येईल, वाद घालेल. घालू द्या. चार दिवसांच्या अबोल्यापेक्षा तो वाद पुष्कळ बरा.

काय घडलं ते जरूर कळवा. आणि इतर भगिनींनो, तुमच्या घरात असं एखादं न समजणारं वेड असेल तर तेही लिहा. मात्र लिहिण्याआधी त्याचा एक तरी भाग पाहून घ्या!