तेल समुद्रात, फोड हातांवर

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एक कोळीण मावशी दवाखान्यात आल्या. दोन्ही हात लाल, जागोजागी फोड. किनाऱ्यावर आलेले काळे डांबरगोळे जाळ्याला चिकटले होते, ते त्यांनी हाताने काढले. "रॉकेलने पुसले डॉक्टर, तर आग जास्तच पडली," म्हणाल्या. मी मलम दिले. पण रॉकेल लावू नये, हे त्यांना आधी कोणी सांगायला हवे होते?

तसे पाहिले तर सरकारकडे योजना आहे. समुद्रातील तेलगळतीसाठी १९९६ पासून राष्ट्रीय आपत्ती योजना लागू आहे. समन्वयाची जबाबदारी तटरक्षक दलाकडे. बंदरांनी व तेल कंपन्यांनी आपल्या हद्दीतील लहान गळती स्वतः आवरायची. किनाऱ्याला लागलेले तेल उचलण्याचे काम मात्र राज्य सरकारचे, म्हणजे प्रत्यक्षात जिल्हा प्रशासनाचे. घोडे अडते ते इथेच.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ 'एमएससी चित्रा' व 'खलिजिया' या जहाजांची टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल सांडले, रायगडच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचले. मासळी खावी की नाही, या भीतीने घराघरांत गोंधळ उडाला. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजे धडकली, तेव्हा माणसांनी बादल्यांनी तेल उपसले. जहाजे, तरंगते अडसर, यंत्रे हवीतच. पण शेवटी तेलाला लागतात ते माणसांचेच हात.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की, या साखळीत गावच्या डॉक्टरला जागा द्या. तेल दिसले की त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला निरोप जावा. हातमोजे व गमबूट दिल्याशिवाय कोणालाही सफाईला उतरवू नये. मासळीबाबत एकाच अधिकाऱ्याने, तपासणी करून, ग्रामपंचायत व मच्छीमार सोसायटीमार्फत दवंडी द्यावी. दहा तोंडांनी दहा गोष्टी सांगितल्या की कोळ्याची मासळी टोपलीतच कुजते. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांनी याची एकदा रंगीत तालीम घ्यावी. त्याला फार खर्च येत नाही.

तोपर्यंत वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे. ताज्या तेलाच्या वाफेने डोळे चुरचुरतात, डोके दुखते, मळमळते. अशा वेळी किनाऱ्यापासून दूर जावे. मुले, गरोदर बायका व दमेकरी यांनी तिकडे फिरकूच नये. अंगाला तेल लागल्यास रॉकेल वा पेट्रोल न लावता गोडेतेलाने हलके पुसावे, मग साबण-पाण्याने धुवावे. तेलाचा वास येणारी मासळी खाऊ नये. शिजवल्याने ती निर्धोक होत नाही.

मावशींचे हात महिन्याभरात बरे झाले. पुढच्या पावसाळ्यात मात्र मलमाच्या आधी निरोप पोहोचावा, एवढीच अपेक्षा.