दुसरी किल्ली कोणाकडे?

तडीपारीच्या प्रकरणांत ‘साक्षीदार अ’ आणि ‘साक्षीदार ब’ नेहमी भेटतात. त्यांना नाव नसते, गाव नसते. साक्षीदार भीतीपोटी उघडपणे पुढे येत नसतील, तर १९५१च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५६ नुसार माणसाला हद्दपार करता येते. त्याला आरोपांचे सर्वसाधारण स्वरूप कळवले की पुरे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली मान्य केले.

ही भीती खोटी नाही. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर-लोणारकडच्या लहान गावात साक्षीदार आणि गुंड एकाच पारावर बसतात, एकाच एसटीने तालुक्याला जातात. नाव फुटले तर पोलीस किती दिवस पुरणार? पण झाकल्या नावाआड बांधाचा तंटा आणि निवडणुकीतले वैरही दडू शकते. शेजारच्या जालन्यातील एका तडीपारीत असे दोन गोपनीय जबाब होते. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. तोवर वर्ष उलटले होते.

फौजदारी खटल्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली. पुढे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ने राज्यांवर अशी योजना करण्याची जबाबदारी टाकली. २०१८च्या योजनेत निर्णय घेणारी जिल्हा समिती तिघांची : सत्र न्यायाधीश, पोलीसप्रमुख आणि सरकारी अभियोक्त्यांचे प्रमुख. सुनावणी बंद दाराआड. म्हणजे तिघांपैकी दोघे फिर्यादी पक्षाचे आणि आरोपीच्या वतीने विचारणारा एकही नाही. पुढे खटल्यात, साक्षीदार कोण हेच ठाऊक नसेल तर वकील उलटतपासणी कसली घेणार?

मी बँकेत उमेदीची वर्षे काढली. तिथे तिजोरीला दोन किल्ल्या असतात, त्याही दोन माणसांकडे. त्यात कोणाच्या सचोटीवर संशय नसतो. ती व्यवस्थेची शिस्त असते. न्यूझीलंडच्या २००६च्या पुरावा कायद्याने ही दुसरी किल्ली दिली आहे. साक्षीदाराचे नाव लपवण्याचा प्रश्न आला, की न्यायाधीश स्वतंत्र वकील नेमू शकतो. तो सरकारचा नसतो, आरोपीचाही नसतो. न्यायालयाला साहाय्य करतो.

न्यायमित्राची प्रथा आपल्याकडे जुनीच आहे आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे वकिलांची यादीही असते. त्यातील एका अनुभवी वकिलाने साक्षीदाराचे नाव पाहावे, भीती खरी की पढवलेली हे तपासावे, जुने वैर शोधावे आणि नाव पोटातच ठेवावे. तडीपारीतही उपविभागीय दंडाधिकाऱ्यासमोर असा कोणी हवा. खर्च होईल तो एका वकिलाच्या मानधनाचा. तेवढ्यावर साक्षीदाराचा जीव आणि निरपराध माणसाचे गाव, दोन्ही राखता येत असेल, तर सरकारने हात आखडता का घ्यावा?